प्लॅटिनमचे सोबती

हायड्रोजन व प्राणवायु यांच्या संयोगानें पाणी बनतें, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. या संयोगांतून ज्वाळेऐवजीं वीज मिळविण्याची किमया वेल्समध्यें जन्मलेले वकील विल्यम ग्रोव्ह यांनीं १८४२ सालीं आपल्या वायुघटानें करून दाखविली. त्या घटांतील पट्ट्या प्लॅटिनमच्या होत्या. प्लॅटिनम हें येथें उत्प्रेरक. म्हणजे स्वतः खर्ची न पडतां क्रियेस वेग देणारें. हाच घट पुढें इंधन-घट म्हणून प्रसिद्धीस आला व १९६५ सालीं अमेरिकेच्या 'जेमिनी ५' यानांतून अंतराळांतहि गेला. परंतु यानास जो खर्च परवडतो, तो रस्त्यावरील मोटारीस परवडत नाहीं. कारण प्लॅटिनम महाग आणि दुर्मिळ.

मग तें इतकें लागतें कां? प्राणवायूच्या बाजूची क्रिया फार मंद चालते. प्लॅटिनम त्या वायूस किंचित् अधिकच घट्ट धरतें. पाहुण्याचें स्वागत उत्तम करावें, पण निरोपाच्या वेळीं हात सोडूं नये, असा हा यजमान!

त्याची पकड सैल करण्यास मदत आली, ती अनपेक्षित ठिकाणाहून. १७९४ सालीं फिनलंडचे योहान गाडोलिन यांनीं स्वीडनमधील इटर्बी येथील एका काळ्या दगडांत नवी 'मृत्तिका' शोधली होती. तिच्यांतील धातु तो इट्रियम; विरल मृत्तिकांच्या कुळांतील एक. २००९ सालीं डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथम गणितानें निवडून, मग प्रयोगानें पारखून दाखविलें कीं, प्लॅटिनमचे तीन व इट्रियमचा एक अणु अशा मिश्रधातूची क्रियाशक्ति शुद्ध प्लॅटिनमच्या ६ ते १० पट भरते. पृष्ठभागावरील इट्रियम आम्लांत विरघळून जातो. मागें उरलेल्या पातळ थरांतील प्लॅटिनमचे अणु नेहमींपेक्षां दाटीनें बसतात आणि त्यांची पकड ढिली पडते.

या कुळांत लँथॅनमपासून पुढें अणूंचा आकार क्रमाक्रमानें लहान होत जातो. २०१६ सालीं त्याचाच उपयोग करून ही दाटी कमीअधिक करतां येते, असें दिसून आलें. त्या आठ मिश्रधातूंत टर्बियमचा आरंभींचा वेग सर्वांत सरस ठरला. आणि गाडोलिन यांचें नांव धारण करणारा गॅडोलिनियमहि त्यांत होता.

तथापि या धातूंस प्राणवायूची ओढ मोठी. त्यांची प्लॅटिनमसह बारीक भुकटी करणें कठिण. २०१४ सालीं निर्वात यंत्रांत असे इट्रियमयुक्त कण घडविण्यांत यश आलें, तरी प्रयोगशाळेंतील चिमूटभर भुकटी आणि कारखान्यांतील मणभर माल यांतील अंतर फार मोठें आहे. ग्रोव्ह यांच्या घटाचें मोल अखेर तें अंतर तुटण्यावरच ठरावयाचें आहे.