पणदऱ्याच्या भिंतीवरचे तळे

पणदऱ्याच्या आमच्या जुन्या घरात, सोप्यात, देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेत एक तळ्याचे चित्र होते. निळे पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर, काठाशी होडी. खाली ना चित्रकाराचे नाव, ना स्थळाचे. लहानपणी मी आजोबांना विचारले, ‘‘हे तळं कुठलं?’’ ते म्हणाले, ‘‘पानी हाय नव्हं? मग झालं.’’

या उत्तराचा अर्थ पुढे इतिहास वाचताना लागला. बारामतीचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. १८७६-७७च्या दुष्काळात तो होरपळला. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि कालांतराने ऊस आला. १८९४मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला. अशा छापखान्यांमुळे रंगीत तसबीर सामान्यांच्या घरात पोहोचली. पहिला मान देवांचा. पण अवर्षणाची आठवण जपणाऱ्या घराने त्यांच्या पंगतीला पाणीही बसवले, असे मी समजतो.

नाव असलेले तळे मला भेटले ते कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्या चित्रांत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते गावी परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केले. आबालाल मात्र रमले कोटितीर्थ तलावाच्या काठी. तेच पाणी, तीच झाडे. प्रहर बदलला की चित्र नवे. त्यांचे तळे कल्पनेतले नव्हते, रोजच्या शेजारातले होते. १९०६मध्ये महाराजांनी स्थापलेली कापडगिरणीही त्याच परिसरात उभी राहिली.

१९२२मध्ये महाराज निवर्तले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. ही आख्यायिका पडताळणे कठीण आहे. पाण्यात गेलेला कागद पुरावा मागे ठेवत नाही. पण ती टिकली, याचे कारण मला वेगळे वाटते. १९३१मध्ये आबालाल गेले, तेव्हा एवढ्या मोठ्या कामातले थोडेच उरले होते. न जपलेल्या चित्रांचा दोष आपल्याकडे घेण्यापेक्षा तो चित्रकाराच्या शोकावर टाकणे सोपे असते. उरलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहायला मिळतात.

आमचे जुने घर पाडले तेव्हा देवांच्या तसबिरी भावकीत वाटल्या गेल्या. तळे कोणीच मागितले नाही, मी घेतले. हजारांनी छापलेले, गाव नसलेले ते पाणी चौकटीत सुखरूप राहिले. हाताने रंगवलेले, शेजारचे पाणी मात्र आपण गमावले. आणि ज्या कालव्याने आम्हांला जगवले, त्याचे चित्र आमच्या एकाही भिंतीवर कधी नव्हते. परवा पणदऱ्याला गेलो, तेव्हा कालव्याच्या पुलावर थांबून प्रथमच त्याचा एक फोटो काढला. आता त्याला चौकट करायची आहे. खाली नाव घालून.