हरळीची हिरवळ

आमची अक्का काही वर्षांपूर्वी प्रथमच कॅलिफोर्नियात लेकाकडे गेली आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर रागावली. कारण मोठे मजेचे होते. भाच्याने नुकतेच घर घेतले होते आणि सुटीच्या दिवशी तो मागचे परस स्वतः खणत असे. जमिनीखालून नळ न्यायचे, तुषार बसवायचे आणि वर हिरवळ लावायची असा त्याचा बेत. नळ पुरून झाले, आणि एके सकाळी मुळांसकट कापलेल्या गवताच्या वळकट्या गाडी भरून आल्या. अक्काने एक वळकटी उलगडली, एक कांडी उपटून निरखली आणि कपाळावर हात मारला. "अरे, ही तर हरळी! तुझ्या वडिलांचा जन्म ही खणून काढण्यात गेला, आणि तू पैसे मोजून लावतोस?"

अक्काचे काहीच चुकले नव्हते. अमेरिकेच्या उष्ण भागात ज्याला 'बर्म्युडा गवत' म्हणतात ती आपली हरळीच, आपल्या गणरायाची दूर्वा. बर्म्युडा बेटांवर ती जन्मली नाही. थंड भागातल्या अंगणांत मिरवणारे 'केंटकी' गवतही मूळचे केंटकीचे नव्हे. तेही युरोपातून तिकडे गेले. नाव एकाचे आणि गाव दुसऱ्याचे, हा प्रकार गवतातही चालतो म्हणायचा! कुंदा आणि लव्हाळा यांच्या जोडीने जिने आपल्या काळ्या रानात शेतकऱ्याची पाठ मोडली, ती हरळी तिकडे गालिचा होऊन बसली.

पण घरधन्याने स्वतः गवत लावावे, ही गोष्ट तिकडेही फार जुनी नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात कापलेली हिरवळ ही राजेरजवाड्यांची आणि मोठ्या जमीनदारांची चैन होती. पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यापुढे चौदाव्या लुईने अंथरलेल्या लांबलचक हिरवळीचे नावच मुळी 'हिरवा गालिचा'. गवत कापायला लांब दांड्याचे कोयते घेतलेली माणसे पहाटे दवात उतरत, कारण ओले गवतच कोयत्याला नीट सापडे. ज्याला एवढी माणसे राबवता येतात आणि एवढी जमीन पिकाविना ठेवता येते, त्याचीच हिरवळ! तिचा खरा दिमाख गवतात नव्हता, त्या पडीक जमिनीत होता.

हा दिमाख खाली उतरवला तो एका कारागिराने. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड गावाभोवती लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव एकसारखी कातरण्यासाठी तेथे रुळावर पीळदार पाती बसवलेले यंत्र असे. एडविन बडिंग नावाच्या यंत्रकाराच्या मनात आले की, जे लवीला चालते ते गवताला का चालू नये? १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोक हसतील म्हणून तो रात्रीच्या अंधारात यंत्र चालवून पाही, असे सांगतात. खरे खोटे स्ट्राउडकरांनाच ठाऊक. पेटंटाच्या कागदात मात्र त्याने सद्गृहस्थांना सुचवले की, हे यंत्र आपण स्वतः ढकलावे, करमणूक होईल आणि व्यायामही. मालकाच्या हाती दांडा आला तो असा.

कापण्याचा प्रश्न सुटला, तरी पाण्याचा उरला. इंग्लंडात पाऊस घरचाच. दक्षिण कॅलिफोर्नियात उन्हाळाभर थेंब पडत नाही. तेथे ग्लेन्डोरा गावी ऑर्टन एंगलहार्ट नावाचा संत्र्या-लिंबांचा बागाईतदार होता. १९३३ साली त्याने एक तुषार बनवला. पाण्याची धार एका आडव्या दांडीवर आदळते, दांडी बाजूला फेकली जाते, स्प्रिंग तिला ओढून परत आणते, आणि तिच्या ठोक्याने तोटी तसूभर फिरते. टिक्, टिक्, टिक् करीत ती गोल फिरत राहते. शेजारच्या एका जोडप्याने आपल्या कोठारात तिचे उत्पादन सुरू केले. तीच टिकटिक आज आपल्या कांद्याच्या आणि हरभऱ्याच्या रानात ऐकू येते. बागेसाठी जन्मलेला हा तुषार तिकडे अंगणातही शिरला.

दुसरे महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट बाप-लेकांनी सतरा हजारांहून अधिक घरे बांधली. प्रत्येक घराला हिरवळ, आणि ती हंगामात आठवड्यातून एकदा कापलीच पाहिजे अशी करारात अट! थोरले लेव्हिट तर गवताची निगा कशी राखावी यावर वर्तमानपत्रात लिहीत. त्याच करारांत आणखी एक अट होती: गोऱ्यांखेरीज कुणाला येथे राहू द्यायचे नाही. हिरवळ सर्वांच्या दारी आली असे म्हणताना हे 'सर्व' कोण, तेही विचारले पाहिजे.

पुढे प्लॅस्टिकचे नळ आले. लोखंडी नळाला आटे पाडायला कारागीर लागे. प्लॅस्टिकचा नळ करवतीने कापा, डिंकासारखे द्रावण लावा आणि जोडा. म्हणून तर माझा भाचा, जो इकडे असता तर खिळा ठोकायलाही सुतार बोलावता, तिकडे प्लंबर झाला. त्याने आधी बादली घेतली. १९ लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला ३८ लिटर. एकेका तुषाराला सात लिटर धरले, तर एका वेळी पाचच चालणार. तेव्हा परसाचे वाटे पाडायचे आणि प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व. एका तुषाराचे पाणी दुसऱ्याच्या बुडापर्यंत पोचले पाहिजे, नाहीतर मधे करपलेले ठिपके पडतात. पहिल्या खेपेला तो एक गोष्ट विसरला. तोट्या बसवण्यापूर्वी नळ उघडे सोडून आतली माती वाहू द्यायची असते. ती माती तोट्यांत अडकली, आणि सगळ्या तोट्या काढून त्याने टाचणीने साफ केल्या. अक्का पायरीवर बसून पाहत होती. म्हणाली, "बारे द्यायला रात्री विहिरीवर गेला असतास, तर पाणी काय चीज आहे ते कळले असते."

ते २०१५ साली कळले. कॅलिफोर्नियात चार वर्षांचा दुष्काळ पडला होता. एप्रिलच्या पहिल्या तारखेला राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडाच्या डोंगरात, जेथे एरवी बर्फ असायचे तेथे, कोरड्या गवतावर उभे राहिले आणि त्यांनी शहरांना पाण्यात २५ टक्के कपात फर्मावली. पाच कोटी चौरस फूट हिरवळ उखडून तेथे कमी पाण्याची झाडे लावायची, हेही त्यांच्या आज्ञेत होते. हिशेब सोपा आहे. हजार चौरस फूट गवतावर एक इंच पाणी घातले की सुमारे २,३६० लिटर गेले, आणि भर उन्हाळ्यात तेवढे आठवड्याला लागते. शेजारच्या नेवाडा राज्याने तर २०२१ साली कायदा केला की, लास व्हेगस भागात रस्त्याकडेच्या आणि कचेऱ्यांपुढच्या निव्वळ शोभेच्या गवताला २०२६ सालानंतर कोलोरॅडो नदीचे पाणी मिळणार नाही.

भाच्यानेही आपली हिरवळ काढली. त्यासाठी सरकारी मदत मिळत होती. अक्काला फोनवर हे सांगितले तेव्हा ती कितीतरी वेळ हसत होती. लावायला पैसे, उपटायलाही पैसे! तोट्या बंद केल्या, खडी पसरली, निवडुंग लावले. पण हरळीच ती. पुढच्या भाद्रपदात खडीतून, बंद केलेल्या तोटीच्या शेजारी, कोवळे कोंब वर आले. सूनबाईने मोजून एकवीस जुड्या खुडल्या.