माँट्रियल कॅनेडियन्स : मैदान एक, भाषा दोन

माँट्रियल कॅनेडियन्स हा कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या माँट्रियल शहराचा व्यावसायिक आइस हॉकी संघ. स्थापना ४ डिसेंबर १९०९ ची. तो खेळतो ती एनएचएल लीग १९१७ ची, म्हणजे संघ लीगपेक्षा थोरला. स्टॅन्ले कप त्याने २४ वेळा जिंकलाय. इतक्या वेळा दुसऱ्या कुणीच नाही. शेवटचा १९९३ मध्ये. संघाच्या चिन्हातल्या 'एच'चा अर्थ बरेच जण भलताच सांगतात. तो साधा हॉकीचा 'एच' आहे.

क्युबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात, पण माँट्रियलचे मोठे उद्योग आणि बँका विसाव्या शतकात बराच काळ इंग्रजी भाषिकांच्या हातात होत्या. हा संघ मात्र फ्रेंच लोकांचा म्हणूनच निघाला. त्यामुळे त्याच्या बातम्या कधीच नुसत्या खेळाच्या राहिल्या नाहीत.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मॉरिस रिशार. १९४४-४५ च्या हंगामात ५० सामन्यांत ५० गोल करणारा हा खेळाडू एका फ्रेंच साप्ताहिकात सदरही लिहायचा. त्यात लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांच्यावर टीका केली म्हणून १९५४ मध्ये ते सदर बंद करावं लागलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सामन्यात पंचावर हात उगारल्याबद्दल कॅम्पबेल यांनी रिशारला उरलेल्या हंगामातून बाहेर काढलं. १७ मार्चला कॅम्पबेल स्वतः सामना बघायला आले आणि भडका उडाला. आत अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, सामना डेट्रॉइटला बहाल झाला, बाहेर दुकानांच्या काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी रिशारनेच रेडिओवरून शांत राहायला सांगितलं. आंद्रे लोरांदो यांनी 'ल दव्वार' दैनिकात हा राग फ्रेंच कॅनेडियन अस्मितेशी जोडला. रेड फिशर या इंग्रजी पत्रकाराने या संघाचा वार्तांकन केलेला पहिला सामना नेमका हाच. पुढे २०१२ पर्यंत तो या संघाबद्दल लिहीत राहिला.

कॅनडात टीव्हीवर हॉकी पहिल्यांदा दिसली ती फ्रेंचमध्ये, ११ ऑक्टोबर १९५२ ला, माँट्रियलहून. इंग्रजी प्रक्षेपण तीन आठवड्यांनी आलं. समालोचक रेने लेकाव्हालिए यांच्यापुढे अडचण अशी की खेळाचे शब्द बहुतेक इंग्रजी. त्यांनी रबरी चकतीला, म्हणजे 'पक'ला, 'रोंदेल' म्हणायचं रुळवलं आणि जोरदार फटक्याला 'लान्से फ्रापे'. आज ते घरोघरी चालतात.

प्रशिक्षकाची परीक्षा मात्र पत्रकार परिषदेत होते. तिथे प्रश्न दोन्ही भाषांत येतात. १९७१ मध्ये फक्त इंग्रजी येणाऱ्या अल मॅकनील यांनी कप मिळवून दिला, तरी पुढच्या हंगामात ते त्या जागेवर नव्हते. डिसेंबर २०११ मध्ये रँडी कनीवर्थ यांना हंगामी प्रशिक्षक केलं. त्यांना फ्रेंच येत नाही म्हणताच वर्तमानपत्रं तापली, स्टेडियमबाहेर निदर्शनं झाली. २०१२ च्या उन्हाळ्यात मिशेल तेरियँ आले, फ्रेंच बोलणारे.

खेळाडूही यातून सुटत नाहीत. फिनलंडचा साकू कोइवू दहा वर्षं कर्णधार होता, पण तो फ्रेंच बोलत नाही हा विषय वारंवार निघायचा. २०२२ मध्ये निक सुझुकी कर्णधार झाला तेव्हाही फ्रेंचचा प्रश्न आलाच. तो म्हणाला, शिकवणी चालू आहे.