फुकट नावांची किंमत

रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. पत्त्याचे शेपूट बदलण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे ग्राहकाला वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ने २०१२ साली नव्या डोमेन-प्रत्ययांसाठी अर्ज मागवले. अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर. तरीही १,९३० अर्ज आले. प्रत्यय मिळाले, पण ‘डॉट कॉम’ सोडून तिकडे फिरकायला गिऱ्हाईक राजी नव्हते. मग भाव पाडले गेले. २०१५ मध्ये ‘डॉट सायन्स’ची नावे तर आरंभी चक्क फुकट वाटली गेली. विज्ञानासाठी म्हणून काढलेल्या या प्रत्ययावर झुंबड उडाली ती मात्र स्पॅम धाडणाऱ्यांची.

त्यांचे गणित सरळ होते. फसव्या मेलमधील नाव लवकरच काळ्या यादीत जाते. ते टाकून द्यायचे आणि नवे घ्यायचे. एकच नाव दहा वर्षे सांभाळणाऱ्या माणसाला वार्षिक शुल्क जड जात नाही. एका दिवसात शेकडो नावे जाळणाऱ्याला मात्र नावामागचा एकेक रुपया मोजावा लागतो. स्वस्ताईचा लाभ कोणाला होणार, हे त्यातच ठरून गेले होते.

आयकॅनसाठी डच संशोधकांनी केलेली पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१६ च्या अखेरच्या तिमाहीत जुन्या प्रत्ययांमध्ये दर १०,००० नावांमागे सुमारे ५७ नावे स्पॅमशी जोडलेली होती, नव्यांमध्ये ५२६. हा दोष नवेपणाचा नव्हे. ‘डॉट बँक’ हा प्रत्ययही २०१५ मध्येच खुला झाला, पण तेथे पडताळणी झालेल्या संस्थांनाच नाव मिळे. भुर्दंड बसला तो प्रामाणिक नोंदणीदारांना: बदनाम प्रत्ययावरून आलेला मेल, मग तो एखाद्या संशोधकाचा का असेना, गाळण्यांमध्ये अडकू लागला. फिशिंगसारख्या गैरवापराविरुद्ध कारवाई करण्याचे स्पष्ट बंधन नोंदणी कंपन्यांवर आले ते एप्रिल २०२४ मध्ये; फारच उशिरा.

भारताने दुसरे टोकही पाहिले आहे. ‘डॉट इन’ची नोंदणी पूर्वी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नियम कडक, आणि नावे जेमतेम काही हजार. २००५ मध्ये दार उघडले, तेव्हा कोठे हा प्रत्यय वाढला. ‘डॉट बँक डॉट इन’ने त्याच अंगणात एका खोलीला पुन्हा कुलूप लावले आहे, किल्ली एकट्या हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’कडे.

तरी एक फट उरतेच. ‘बँक डॉट इन’ ही अक्षरे पत्त्याच्या मध्यभागी घालून शेवटी भलताच स्वस्त प्रत्यय जोडणे आजही शक्य आहे. पत्ता कोणाचा, हे ठरते पहिल्या तिरक्या रेघेच्या लगत आधी असलेल्या शब्दांवरून, आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नेमके तेच शब्द पुष्कळदा कापले जातात.