कुलूप, किल्ली आणि देवनागरी

खानदेशात इतिहासाचा विचार करताना धुळ्याचे नाव टाळता येत नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढणारे, जुन्या दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. राजवाड्यांच्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधी अडचण होती : कागद ज्यांच्या घरी होते त्यांना ते उघडावेसे वाटत नव्हते. पुढे मोडी विस्मरणात गेली आणि उघडलेला कागदही घरच्यांना वाचता येईना. वस्तू आपली, पण तिच्यातला मजकूर आपल्याला बंद, असा हा प्रकार. स्मार्टफोनच्या इतिहासात तो पुन्हा घडला, असे आम्हांला वाटते.

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. आरंभीच्या बहुतेक अशा फोनांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. नुसता फाँट असून भागत नव्हते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणे, जोडाक्षर जुळवणे, 'दऱ्या'मधला अर्धा र ओळखणे हे काम प्रणालीला शिकवावे लागते. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक पर्याय निवडला की अक्षरे चित्ररूपाने येत व वाचन कसेबसे साधे. दुसरा मार्ग प्रणालीतच फाँट बसवण्याचा होता. मात्र तेथे हात घालण्याचा अधिकार मालकाला नव्हता. तो मिळवण्यासाठी अनेक फोनांचे बूटलोडर आधी उघडावे लागे. २०११ च्या ४.० आवृत्तीपासून चित्र पालटू लागले आणि २०१४ च्या ५.० आवृत्तीत मराठी ही प्रणालीची भाषा झाली. पण नवी आवृत्ती जुन्या फोनवर पोचवायची की नाही, हे उत्पादक ठरवत असे.

बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना मुख्य प्रणालीच्या आधी जागा होणारा द्वारपाल. प्रणालीवर उत्पादकाची अंकीय स्वाक्षरी आहे का, हे तो तपासतो आणि नसल्यास तिला आत घेत नाही. उत्पादकाने स्वाक्षरी केलेले अद्यतन हाताने बसवायचे असेल, तर सहसा हे कुलूप काढावे लागत नाही. इतरांनी घडवलेली प्रणाली बसवायची असेल, तर मात्र ते काढावेच लागते. कुलपाचा हेतू सर्वस्वी वाईट नाही. चोराला किंवा घातक प्रणालीला ते अटकाव करते. प्रश्न एवढाच, की किल्ली कोणाजवळ असावी?

या प्रश्नाचे उत्तर ठिकठिकाणी वेगळे आले. अमेरिकेत २०१० मध्ये ग्रंथालय-प्रमुखांच्या अधिकारातील एका नियमाने फोनचे असे बंधन तोडणे प्रताधिकार कायद्यातून काही काळापुरते वगळले. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या सायनोजेनमॉडने कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या फोनांना नव्या आवृत्त्या दिल्या. पण स्वयंसेवकांच्या श्रमांवर वाढलेल्या या प्रणालीच्या भारतातील हक्कांवरून डिसेंबर २०१४ मध्ये दोन फोन कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात झगडल्या. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनचे काम थांबले आणि लिनिएजओएस या नावाने स्वयंसेवकांनी ते पुढे चालवले. दुसरीकडे ह्यूआवेसारख्या कंपनीने २०१८ मध्ये किल्ली देणेच बंद केले.

किल्ली हाती आली तरी तिची किंमत मोजावी लागते. कुलूप उघडताच फोनमधील सारा मजकूर पुसला जातो. काही बँकांची ॲप्स चालत नाहीत. चूक झाल्यास फोन निकामी होतो. मौखिक साहित्याच्या अभ्यासकाने यातली पहिली बाब विशेष ध्यानात ठेवावी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता सोपानदेवांनी टिपून ठेवली म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने हाती आली. आज अहिराणी गाणी नि ओव्या विद्यार्थी फोनवरच ध्वनिमुद्रित करतात. त्यांची प्रत अन्यत्र ठेवल्याशिवाय कुलपाला हात लावू नये. आणि कुलूप न काढताही अद्यतने थांबलेला फोन हळूहळू असुरक्षित होतो, हेही विसरू नये.

ज्याचे दप्तर त्याला ते उघडता यावे आणि वाचताही यावे, एवढीच राजवाड्यांच्या वाटेने जाणाऱ्याची अपेक्षा असते. दप्तर कापडी रुमालात बांधलेले असो वा काचेखाली मिटलेले, ती अपेक्षा बदलण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.