चालीची हकीकत

इंग्रजी कादंबरीतील पात्र जिना उतरते तेव्हा ते खुरडत आले, धडधडत आले की चोरपावलांनी आले, हे त्या भाषेचे क्रियापदच सांगून टाकते आणि वर की खाली, आत की बाहेर, एवढी दिशा मागून येणाऱ्या चिमुकल्या अव्ययावर सोपविते. उलट स्पॅनिश वा मराठी क्रियापद प्रथम दिशेचा बंदोबस्त करते, आणि चालीचा तपशील, गरज भासलीच तर, निराळा पुरवावा लागतो. हा भेद लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी १९८५ साली व्यवस्थित मांडला. त्याचे मूळ मात्र फार जुने आहे.

लॅटिनमध्ये दिशा दाखविण्याचे काम उपसर्गांकडे असे. कालांतराने ते उपसर्ग धातूंतच मुरले, आणि 'उडी मारणे' या अर्थाचा 'सालिरे' हा धातू स्पॅनिशमध्ये 'सालिर' होऊन निव्वळ 'बाहेर पडणे' एवढेच सांगू लागला. आपल्याकडेही तेच घडले. संस्कृत 'प्रविशति'चे प्राकृतातून येता येता ज्ञानेश्वरांच्या मराठीत 'पैसणे' झाले, आणि त्यातील 'प्र' व्युत्पत्तिकोशावाचून कोणास दिसेनासा झाला. ('उद्' म्हणजे वर, तो पोटात घेऊन बसलेले 'उतरणे' आज आपणांस खुशाल खाली नेते.)

बखरकारांस तर चालीची फारशी तमा नव्हती. फौज कूच करते, मजल दरमजल येते, मुक्काम करते, दाखल होते. फारसी दफ्तराच्या वळणाची ही शब्दसंपत्ती कोण कोठून कोठे गेले याचा चोख हिशेब ठेवते, पण घोडी दुडक्या चालीने गेली की चौखूर उधळली, याची नोंद तीत क्वचितच होते.

हाच भेद भाषांतरांतही दिसून येतो. टोल्किन यांच्या 'द हॉबिट' या १९३७ च्या कादंबरीतील सहाव्या प्रकरणाची निरनिराळ्या भाषांतील भाषांतरे डॅन स्लोबिन या मानसभाषाशास्त्रज्ञांनी ताडून पाहिली, तेव्हा स्पॅनिशच्या कुळातील भाषांत चालीच्या छटा बऱ्याच गळालेल्या आणि रशियनसारख्या भाषांत त्या पुष्कळ टिकलेल्या आढळल्या. ही गळती म्हणजे दारिद्र्य, असे मला वाटत नाही. तुरुतुरु, दुडुदुडु, तरातरा, लगबगीने, रमतगमत, पाय ओढीत असा भरगच्च खजिना मराठीजवळ आहेच. पण तो क्रियापदाबाहेर असल्यामुळे लेखक तो जपून खर्चितो, आणि सासुरवाशीण माजघरात 'लगबगीने' शिरली असे वाचताच वाचक सावध होतो. इंग्रजीचा अनुवादक प्रत्येक क्रियापदामागे इमानाने एकेक क्रियाविशेषण जोडीत गेला, की पात्रे चालण्याऐवजी चालीचे प्रदर्शन मांडू लागतात. अशा ठिकाणी त्याने निम्म्या छटा बिनदिक्कत सोडून द्याव्यात.