पनवेलची प्रश्नवही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॉम्प्युटरच्या की-बोर्डवर सर्वांत वरच्या ओळीत 'एफ-वन' नावाची एक की असते. अडचण आली की ती दाबायची आणि मदत मागायची, असा संकेत आहे. १९९८ साली मायक्रोसॉफ्टचे 'व्हिज्युअल बेसिक ६' बाजारात आले आणि पुढची काही वर्षे पनवेलमधल्या कितीतरी मुलामुलींनी प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा त्यावरच केला. अडल्यावर त्यांनी एफ-वन दाबले की पडद्यावर एक चौकट यायची. तिच्यात लिहिलेले असे, 'द एमएसडीएन कलेक्शन डज नॉट एक्झिस्ट. प्लीज रीइन्स्टॉल एमएसडीएन.' मदतीचा ग्रंथ या यंत्रावर नाही, तो पुन्हा बसवा, असा त्याचा अर्थ.

ग्रंथ नव्हता कारण तो आलेलाच नव्हता. या आवृत्तीपासून मदतीचा मजकूर मुख्य सॉफ्टवेअरपासून वेगळा काढून 'एमएसडीएन'च्या दोन स्वतंत्र सीडींवर ठेवलेला होता. मूळ पॅकेज विकत घेणे विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे. तो आणी ती लॅमिंग्टन रोडवरून किंवा मित्राकडून नक्कल केलेली एकच सीडी. चोरीचे समर्थन मी करत नाही, पण तिचा परिणाम सांगितलाच पाहिजे. अवजार हातात आले आणि ते कसे वापरायचे हे सांगणारा कागद मुंबईतच राहिला.

सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना आपण कंपन्या, त्यांचे मालक आणि निर्यातीचे आकडे सांगतो. नवशिका अडला तेव्हा तो कोणाकडे गेला, हे कोणी लिहून ठेवत नाही. त्या काळात मी पनवेलमध्ये एका क्लासवर शिकवीत असे. संध्याकाळच्या तीन बॅचेस, दहा यंत्रे, मध्येच वीज जायची. प्रत्येकाच्या शंकेपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून दाराजवळच्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. अडचण लिहा, उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर मिळेल. अशा तीन वह्या भरल्या. त्या अजून माझ्याकडे आहेत आणि आजचे बोलणे बरेचसे त्यांच्याच आधाराने आहे.

पनवेल तेव्हा झपाट्याने बदलत होते. सिडकोची स्थापना १९७० ची, नवीन पनवेल त्यानंतरचे, पण मुंबईची नोकरी खऱ्या अर्थाने जवळ आली ती १९९८ मध्ये हार्बर लोकल पनवेलपर्यंत धावू लागल्यावर. दुसऱ्याच वर्षी नवीन पनवेलला पिल्लई शिक्षणसंस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासवाल्यांनी पाट्या बदलून 'कॉम्प्युटर' हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगवला. जमिनी सिडकोकडे गेलेल्या गावांतली मुलेही या क्लासेसना येत. आपल्याच शेतावर उभ्या राहणाऱ्या इमारतीत पहारेकरी म्हणून नव्हे, खुर्चीवर बसायला जायचे, हे त्यांच्या घरात बोलले जाई. फी घरच्यांना जड होती. त्यामुळे प्रोग्राम अडला की अडलेली गोष्ट नुसता प्रोग्राम नसे.

२००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीमुळे कॉम्प्युटर मराठीतून शिकता येऊ लागला. हे काम फार मोठे आहे. पण तो अभ्यासक्रम कॉम्प्युटर वापरायला शिकवणारा. प्रोग्राम लिहायला निघालेल्याची वाट इंग्रजीतूनच जात होती. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक सगळ्यांच्या पिशवीत असे, तेही इंग्रजीतच.

वास्तविक 'बेसिक' ही भाषा जन्मली ती सर्वसामान्यांसाठी. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती घडवली आणि १ मे १९६४ च्या पहाटे तिचे पहिले प्रोग्राम चालले. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही यंत्राशी बोलता यावे, हा त्यांचा हेतू होता. १९९१ मध्ये तिला 'व्हिज्युअल' रूप मिळाले. पडद्यावर बटण ओढून आणायचे, त्यावर दोनदा क्लिक करायचे आणि बटण दाबल्यावर काय व्हावे ते लिहायचे. पंधरा मिनिटांत स्वतःची खिडकी उघडते आणि 'वेलकम' म्हणते. त्या क्षणीचे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. दुकानाचे बिल, शाळेची फी, लायब्ररीची नोंद असे आपल्याच यंत्रावर चालणारे, इंटरनेटची गरज नसलेले प्रोग्राम करायला याहून सोपे साधन तेव्हा नव्हते.

घोडे पेंड खायचे ते 'वेलकम'नंतर, माहिती साठवायची वेळ आली की. पहिल्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट'. कारण साधे होते. व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या तयार डेटा कंट्रोलला ॲक्सेस ९७ च्या फाइली कळत. मुलांच्या यंत्रांवर मात्र नंतर आलेले ॲक्सेस २००० होते. फाइल जुन्या स्वरूपात बदलून घेतली की काम होई. दोन मिनिटांचा उपाय, पण तो ठाऊक नसताना पूर्ण आठवडा घालवलेली मुले होती. एकाने सगळा प्रोग्राम पुसून तीनदा नव्याने लिहिला होता. चूक त्याच्या लिहिण्यात नव्हतीच, मग ती सापडणार कशी?

फेब्रुवारी-मार्च हा प्रोजेक्टचा हंगाम. दहांतली सहा प्रोजेक्ट्स लायब्ररीची. दुसऱ्या वहीत एका मुलीने स्वच्छ अक्षरात मराठीत लिहिले आहे : 'सर, आज दिलेल्या पुस्तकांची यादी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत येत नाही. तेरा तारखेपासून बरोबर येते. तीन मार्चला मात्र आली होती. व्हायरस असेल का?'

मला हा प्रश्न फार आवडतो. यंत्राची तारीख रोज बदलून, निकाल टिपून तिने हे शोधले होते. ॲक्सेसला प्रश्न विचारताना तारीख दोन चौकड्यांच्या चिन्हांमध्ये लिहितात आणि तिथे ॲक्सेस अमेरिकन पद्धत मानते, आधी महिना, मग दिवस. आपण ५/३ लिहिले की ते तीन मे समजणार. १३/३ लिहिले की तेरावा महिना नसल्यामुळे निमूटपणे तेरा मार्च धरणार. ३/३ कसेही वाचले तरी एकच. प्रोग्राम पहिल्यापासून चुकीचा होता. तेरा तारखेनंतर त्याची चूक दिसत नव्हती इतकेच. तारीख अमेरिकन क्रमाने मांडून पाठवण्याची एक ओळ पुरेशी होती. मी ती लिहून दिली, पण निम्मे उत्तर तिच्या निरीक्षणातच होते. अशा मुलीला तोंडी परीक्षेत इंग्रजी अडखळते म्हणून 'लॉजिक कच्चे' असा शेरा मिळाला, तर तो शेरा देणाऱ्याचेच लॉजिक तपासायला हवे.

उरणकडच्या एका मुलाचा प्रोग्राम फक्त डिसोझा आडनावाला बंद पडे. इंग्रजीत ते लिहिताना मध्ये जे अवतरणचिन्ह येते, तिथेच आपले वाक्य संपले असे डेटाबेसला वाटायचे. चिन्ह दोनदा लिहायचे, की झाले.

विचारायचे कोणाला, याची एक उतरंड होती. आधी शेजारच्या यंत्रावरचा मित्र. मग क्लासचे सर, पण सरांना विचारायची लाज वाटे, आणि खरे सांगायचे तर काही ठिकाणी सरही पुस्तकात दोनच पाने पुढे असत. मग फोर्टच्या फुटपाथवरून आणलेला जाडजूड ग्रंथ. बीपीबीने छापलेले पेट्रुटसोसचे 'मास्टरिंग व्हिज्युअल बेसिक ६' आमच्याकडे एकच होते आणि हाताळून हाताळून त्याचे तीन तुकडे झाले होते. शेवटचा आधार हार्बर लोकलचा. बेलापूर-वाशीला नोकरी करणारे सिनियर संध्याकाळच्या गाडीने परतत. मुले प्लॅटफॉर्मवर थांबून त्यांना गाठत आणि खिशातून फ्लॉपी काढून देत. रविवारी ती परत मिळे. सायबर कॅफे होते, पण तिथे तासाचे पैसे मोजून इंग्रजीत प्रश्न बनवता बनवता निम्मा तास जाई.

खरी अडचण प्रश्न बनवण्याची होती. 'प्रोग्राम चालत नाही' या तीन शब्दांना उत्तर देता येत नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी अट लिहिली : काय करायचे होते, काय केले, काय झाले, आणि पडद्यावरची इंग्रजी चौकट जशीच्या तशी उतरवा, बाकी सगळे मराठीत चालेल. कित्येक मुले ती चौकट चित्र काढावे तशी उतरवीत, अर्थ न कळता. पण उतरवता उतरवता काहींना उत्तर सापडे, आणि मग अर्धवट प्रश्नावर काट मारून शेजारी 'सर, जमले' असे लिहिलेले असे. अशी पाने मी मोजली नाहीत, पुष्कळ आहेत.

एका प्रश्नाला मात्र माझ्या वहीत समाधानकारक उत्तर नाही. तो मराठीचा. एका मुलाने गावच्या ग्रामपंचायतीसाठी घरपट्टीचा प्रोग्राम केला. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी येत होती, म्हणून त्याने खातेदारांची नावे मराठीत भरली. पडद्यावर दिसली फक्त प्रश्नचिन्हे. व्हिज्युअल बेसिक ६ च्या आतील मजकूर युनिकोडच होता, पण त्याच्या चौकटी तो दाखवताना जुन्या, एका बाइटच्या संकेतात उतरवीत, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसा संकेतच नव्हता. पर्याय श्रीलिपीसारख्या फॉन्टचा. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. नावे दिसत, पण अकारविल्हे लागत नसत आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर पाटील कोण नि म्हात्रे कोण ते समजत नसे. मुलाने शेवटी नावे इंग्रजीत भरली. सरपंचांनी प्रोग्राम पाहिला, कौतुक केले आणि वहीतच नोंदी चालू ठेवल्या.

२००२ मध्ये डॉट नेट आले, त्यात युनिकोड नीट होते. पण जुना प्रोग्राम त्यात जसाच्या तसा चालत नव्हता, आणि आमची यंत्रे ते ओझे पेलायला कमी पडत. ८ एप्रिल २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ६ ची देखभाल थांबवली. तोवर ब्रॉडबँड घरोघर येऊ लागले होते, उत्तरे इंटरनेटवर इंग्रजीत मिळू लागली आणि माझी तिसरी वही मध्यावरच कोरी राहिली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. आता नवशिका मराठीत प्रश्न टाइप करतो आणि मराठीत उत्तर मिळवतो. ते उत्तर कधी चुकते, पण मराठीत विचारले म्हणून कोणी हसत नाही.

जुने प्रोग्राम मात्र गेलेले नाहीत. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतही ते चालतात. मागच्या वर्षी टपाल नाक्याजवळच्या एका दुकानदाराचा फोन आला. माझ्या विद्यार्थ्याने वीस वर्षांपूर्वी करून दिलेला बिलाचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हता. पडद्यावर काय दिसते ते जसेच्या तसे वाचा, असे मी म्हटले. त्यांनी एकेक अक्षर वाचले, 'एमएससीओएमसीटीएल डॉट ओसीएक्स' ही फाइल नाही. दुसऱ्या वहीत याचे उत्तर होते : फाइल 'सिस्टिम ३२' या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिची नोंदणी करा. ६४ बिटांच्या विंडोजवर मात्र ३२ बिटांची फाइल जाते 'सिसवाऊ ६४'मध्ये, नावावरून उलटे वाटले तरी. तेवढी दुरुस्ती फोनवर सांगितली. पाच मिनिटांनी पलीकडून प्रिंटरचा आवाज ऐकू आला, आणि दुकानदार गिऱ्हाईकाला म्हणाले, ''थांबा हो काका, बिल येतंय.''